बेडकाचे हृदय आणि रक्ताभिसरणाचा शोध



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी कामगार यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. यंदा चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हाला दिली आणि आम्ही बेडकाचे हृदय हा विषय कळवला, तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. यात चमत्कारिक असे काही नाही. दहावीनंतर आमचे शिक्षण शाळेत झाले नाही. ते नगरवाचनालयात आणि रात्रपाळी नसेल त्या रात्री झाले. पोट भरले ते पाण्याचे पंप जोडून. ज्याने वीस वर्षे पंप जोडले त्याला हृदयाविषयी कुतूहल वाटले तर नवल नाही. आणि ज्याने त्याहून अधिक वर्षे कामगारांच्या सभांत काढली, त्याला हृदयाला राजा कोणी ठरवले आणि ते त्या पदावरून कसे उतरले, हे जाणून घ्यावेसे वाटले तर तेही स्वाभाविकच आहे.

शरीराचा दाखला देऊन माणसांना जागेवर बसवण्याची युक्ती फार जुनी आहे. आपल्याकडे पुरुषसूक्तात मुखापासून पायांपर्यंत अवयवांची वाटणी झाली आणि तिचा आधार पुढे कशाकशासाठी घेतला गेला हे सर्वांना ठाऊक आहे. रोममध्ये इसवीसनापूर्वी ४९४ साली सामान्य लोक कर्जाला आणि सावकारीला कंटाळून शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. इतिहासातला हा एक फार जुना संप म्हणावा लागेल. तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा नावाचा सरदार त्यांच्याकडे गेला आणि त्याने गोष्ट सांगितली: हातपाय पोटावर रुसले, त्यांनी काम बंद केले आणि शेवटी तेच वाळून गेले. गोष्ट ऐकून लोक परतले असे लिव्हीच्या इतिहासात आहे. त्याच इतिहासात पुढे असेही आहे, की लोकांना स्वतःचे प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मिळाला. वाटाघाटींचा थोडा अनुभव असल्यामुळे आम्हाला वाटते, की लोक परतले ते या कलमामुळे. गोष्ट नंतर चिकटवलेली असावी.

असो. पोटाची ही थोरवी वैद्यकातही निराळ्या रूपाने नांदत होती. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याचे मत असे, की अन्नापासून रक्त तयार होते ते यकृतात. तिथून ते नीलांवाटे अंगभर जाते आणि शेताला पाटाचे पाणी द्यावे तसे जिरून जाते. थोडे रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून डाव्या बाजूत झिरपते, मधल्या भिंतीला न दिसणारी छिद्रे असतात म्हणून! ही छिद्रे कोणीही पाहिली नव्हती. तरीही चौदाशे वर्षे ती पाठ्यपुस्तकात राहिली. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल्-नफीस या वैद्याने छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून डावीकडे येते, असे स्पष्ट लिहिले. पण त्याचे ते हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडले ते थेट १९२४ साली. युरोपात तीच गोष्ट सर्व्हेटसने एका धर्मविषयक ग्रंथात लिहिली आणि त्या ग्रंथातल्या धर्ममतांसाठी त्याला १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळले.

आता इंग्लंडच्या विल्यम हार्वेकडे येऊ. हा इटलीतल्या पादुआ येथे शिकला. तिथले त्याचे गुरू फाब्रिसियस यांनी १६०३ साली नीलांच्या आतल्या झडपांवर पुस्तक छापले. झडपा त्यांनी नीट पाहिल्या, चित्रे काढली, आणि अर्थ मात्र असा लावला, की रक्त एकदम पायात उतरू नये म्हणून ही योजना आहे. आमच्या जोडणी विभागातल्या कोणत्याही हेल्परला ती चित्रे दाखवली असती तर त्याने सांगितले असते, की हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे आणि त्याचे तोंड हृदयाकडे आहे. म्हणजे नीलांतले रक्त हृदयाकडेच जाऊ शकते, उलट येऊ शकत नाही. हे हार्वेच्या ध्यानात आले. पण झडपेवरून पंपाचे सगळे काम कळत नाही. पंप चालताना पाहावा लागतो.

इथे पहिली अडचण आली. कुत्र्याचे किंवा डुकराचे हृदय इतक्या झपाट्याने चालते, की कोणता कप्पा आधी आवळला आणि कोणता नंतर, हे डोळ्याला उमगतच नाही. हे गूढ देवालाच ठाऊक, असे वाटण्याइतका आपण निराश झालो होतो, अशा अर्थाचे हार्वेनेच लिहून ठेवले आहे. त्याला वाट दाखवली ती थंड रक्ताच्या प्राण्यांनी. बेडूक, साप, मासे, गोगलगायी यांचे हृदय सावकाश चालते. बेडकाचे गारठ्यात अधिकच सावकाश. तिथे स्पष्ट दिसले, की आधी वरचे कप्पे आवळतात, मग खालचा. आणि हृदय आवळते तेव्हाच नाडी उडते. हृदयाचे खरे काम आवळण्याचे, फुगण्याचे नव्हे. त्या काळची समजूत बरोबर उलटी होती. हार्वेने आणखी एक मार्मिक टीका केली आहे. शरीरशास्त्रज्ञ फक्त माणसाचे, आणि तेही मेलेले, शरीर पाहतात व त्यावरून सर्व प्राण्यांचे नियम ठरवतात, ही त्यांची चूक. माशाला फुप्फुसच नाही. बेडकाच्या हृदयाचा खालचा कप्पा एकच. म्हणजे या प्राण्यांत नीलांतले रक्त हृदयातून रोहिण्यांत उघड उघड जाते. भिंतीतल्या छिद्रांचा प्रश्नच राहत नाही. विहिरीतला बेडूक म्हणून ज्याला आपण संकुचित दृष्टीचा शिक्का मारतो, त्यानेच वैद्यांना विहिरीबाहेर काढले.

मग हार्वेने हिशेब केला, आणि आमच्या मते त्याच्या ग्रंथाचा कणा तोच आहे. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरा. अर्ध्या तासात कमीत कमी हजार ठोके पडतात. म्हणजे अर्ध्या तासात ५०० औंस, आपल्या मापाने चौदा-पंधरा किलो रक्त गेले. इतके रक्त सबंध शरीरातही नाही आणि इतके अन्न माणूस अर्ध्या तासात खाऊही शकत नाही. तेव्हा रक्त दरवेळी नवे तयार होत नाही. तेच ते फिरून येते. हार्वेने आकडे मुद्दाम कमी धरले होते. आजच्या मोजणीप्रमाणे स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते, म्हणजे दिवसाला ७,००० लिटरच्या आसपास. रस्त्यावर जो मध्यम टँकर आपण पाहतो, तेवढे. त्याचे ७२ पानांचे लॅटिन पुस्तक १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे छापले गेले.

हे पुस्तक त्याने इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला अर्पण केले. अर्पणपत्रिकेत हृदयाला शरीराचा सूर्य म्हटले आहे, आणि राजा हाही राज्याचा सूर्य आणि हृदय, असे समीकरण मांडले आहे. हार्वे हा राजवैद्य होता, तेव्हा ते समजण्यासारखे आहे. पुढे यादवी युद्ध झाले. १६४२ साली हार्वेच्या घरात शिरून लोकांनी त्याची टिपणे नासधूस केली, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचे शिर धडावेगळे झाले. त्याच वर्षी छापलेल्या पत्रांत आणि १६५१ च्या ग्रंथात हार्वे हृदयापेक्षा रक्तालाच अधिक मान देतो: आधी जगते ते रक्त, शेवटी मरते तेही रक्त. क्रिस्टोफर हिल या इतिहासकाराने १९६४ साली असे सुचवले, की राजा गेला म्हणून हार्वेच्या शरीरातलाही राजा गेला. इतर विद्वानांनी त्यावर हरकत घेतली. हार्वे अखेरपर्यंत राजनिष्ठच होता, असे त्यांचे म्हणणे. आमचा कल हरकत घेणाऱ्यांकडे आहे. राजाचे शिर उडाले म्हणून गर्भातल्या कोंबडीच्या पिलाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी इतका हार्वे लेचापेचा नव्हता.

हार्वेच्या साखळीत एक दुवा राहिला होता. रोहिण्यांतले रक्त नीलांत जाते कसे? दोन्ही नळ्या जोडणारा सांधा त्याला कधीच दिसला नाही. १६५७ साली तो वारला. चार वर्षांनी, १६६१ साली, बोलोन्याच्या मार्सेल्लो माल्पिगीने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले. बेडकाचे फुप्फुस म्हणजे पातळ, जवळजवळ पारदर्शक पिशवी. तिच्यावर केसांहून बारीक नळ्यांचे जाळे पसरले होते आणि रक्त त्या नळ्यांतूनच जात होते. याच केशवाहिन्या. या कामापायी आपण बेडकांची जातच संपवत आणली, असे माल्पिगीने थट्टेने लिहिले आहे. पुढे १६८८ साली डेल्फ्ट गावच्या लेवेनहुकने बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत हे वाहते रक्त पाहिले आणि त्याचे इतके सुंदर वर्णन केले, की वाचणारा खिळून राहतो. लेवेनहुक कापडाचा व्यापारी होता. लॅटिन त्याला येत नव्हते, विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते, भिंगे तो स्वतः घासत असे. आम्हाला त्याच्याविषयी जरा अधिक जिव्हाळा वाटला तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

आता पंप आतून कसा आहे ते पाहू. मासा घ्या. त्याच्या हृदयाला वरचा एक आणि खालचा एक असे दोन मुख्य कप्पे. रक्त एकाच फेरीत हृदयातून कल्ल्यांत, कल्ल्यांतून अंगभर आणि परत हृदयात येते. कल्ल्यांच्या बारीक नळ्यांतून जाताना दाब बराच घटतो, त्यामुळे पुढे अंगात रक्त मंद गतीने फिरते. बेडकात वरचे कप्पे दोन झाले: डाव्यात फुप्फुसांकडून आलेले ताजे रक्त, उजव्यात अंगातून आलेले वापरलेले. खालचा कप्पा मात्र एकच. पुष्कळ दिवस असे शिकवत, की तिथे सगळ्या रक्ताची खिचडी होते आणि म्हणून बेडूक हा अर्धवट प्राणी. हे खरे नाही. खालच्या कप्प्याची आतली बाजू स्पंजासारखी असते आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या नळीत पिळाची एक पडदी असते. त्यामुळे दोन्ही रक्ते बरीचशी वेगळी राहतात. शिवाय बेडूक कातडीनेही श्वास घेतो, आणि कातडीकडून आलेले ताजे रक्त उजव्याच बाजूला येऊन मिळते. पाण्यात बुडी मारली की फुप्फुसे रिकामी बसतात. तेव्हा तिकडचा पुरवठा कमी करून रक्त दुसरीकडे वळवता येते. मधली भिंत नसणे ही त्याची सोय आहे, उणीव नव्हे. पाली-सापांत अर्धी भिंत आली. मगरीत ती पूर्ण झाली, तरीही हृदयाबाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांमध्ये एक खिडकी राहिली. ती पानिझ्झाने १८३३ साली दाखवली. पक्षी आणि सस्तन प्राणी यांत मात्र डावे-उजवे पूर्ण वेगळे झाले.

वेगळे होण्याचा लाभ काय, हे पंपवाल्याला लवकर कळते. आम्ही पंपाची ताकद हेडवर मोजतो, म्हणजे पाणी किती फूट उंच चढते यावर. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने नेमके हेच केले. त्याने घोडीच्या रोहिणीला काचेची उभी नळी जोडली, आणि रक्त हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच वर चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली छापला. माणसाच्या डाव्या बाजूचा सर्वांत जास्त दाब पाण्याच्या मापात सव्वापाच फुटांच्या आसपास येतो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या उजव्या बाजूचा जेमतेम एक फूट. दोन्ही बाजूंना मिनिटाला रक्त तेवढेच, पण हेड निराळे. एकाच कप्प्यातून हे साधत नाही. अंगाला पुरेल एवढा दाब फुप्फुसाच्या नाजूक जाळीवर टाकला तर जाळीतून पाणी गळू लागेल.

हे झाले नळ्यांचे आणि झडपांचे. पण पंपाला मोटार कोणती? हुकूम कोण देते? बेडकाचे हृदय अंगाबाहेर काढून ठेवले तरी ते धडधडत राहते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. तेव्हा मेंदूच्या हुकमावर ते चालत नाही, हे उघड होते. १८५२ साली रोस्टोकच्या स्टानियसने बेडकाच्या हृदयाभोवती दोऱ्याची गाठ मारली. वरच्या कप्प्यांच्याही मागे, जिथे सगळ्या नीला एकत्र मिळतात तिथे एक लहानशी पिशवी असते; ती आणि वरचे कप्पे यांच्या मध्ये ही गाठ होती. पिशवी चालू राहिली, बाकीचे हृदय थांबले. मग दुसरी गाठ वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये मारली, तेव्हा खालचा कप्पा पुन्हा चालू लागला, पण सावकाश, स्वतःच्या चालीने. म्हणजे ताल धरण्याचा गुण हृदयाच्या साऱ्या मांसात आहे. जो भाग सर्वांत जलद, त्याच्या मागून बाकीचे जातात. माणसात त्या पिशवीची जागा एका बारीकशा पेशीपुंजाने घेतली आहे; कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन छापले. आज ज्यांना छातीत पेसमेकर बसवतात, त्यांच्यात बहुधा हाच पुंज किंवा त्याच्यापासून खाली जाणारी वाट थकलेली असते.

१८९५ साली ऑटो फ्रँकने बेडकाच्याच हृदयावर दाखवले, की आवळण्यापूर्वी त्यात जितके जास्त रक्त भरावे तितके ते अधिक जोराने आवळते. पुढे स्टार्लिंगने कुत्र्याच्या हृदयावर तेच सिद्ध केले. हृदय आपल्या मर्जीने रक्त वाटत नाही. अंगातून जेवढे परत येते तेवढेच ते पुढे ढकलते. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याला हे सांगितले तेव्हा तो हर्षभरित झाला आणि म्हणाला, मग हृदय राजा नाही, कामगार आहे! आम्ही त्याला थांबवले. बेडकावरून समाजाचा कायदा काढणे हा मेनेनियसचा धंदा. आपण त्याचे दुकान उलट्या बाजूने उघडण्याचे कारण नाही. हृदयाला राजा म्हणणाऱ्यांचा आधार तुटला, एवढेच या प्रयोगांनी सिद्ध होते, आणि आम्हाला तेवढे पुरे आहे.

आता एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीत, तिचे नाव घेण्याची जरूर नाही, एप्रिल महिन्यात भट्टीजवळ काम करणारा आमचा एक मोल्डर पेटके येऊन कोसळला. पाणी प्यायला जागा सोडली तर मुकादम पाळी कापत असे. रुग्णालयात त्याला सलाईन लावले आणि आम्ही रात्रभर त्या बाटलीखाली बसलो. वाचायला दुसरे काही नव्हते, म्हणून बाटलीवरची चिठ्ठी वाचली: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लॅक्टेट, आणि वर नाव, रिंगर. हा रिंगर कोण, हे शोधता शोधता आम्ही बेडकापर्यंत पोहोचलो.

सिडनी रिंगर हा लंडनचा डॉक्टर. बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यावर किती वेळ चालते ते तो पाहत होता. १८८२ साली त्याने लिहिले, की ते चांगले चालते. १८८३ साली त्याने स्वतःच जाहीर केले, की आधीच्या प्रयोगातले पाणी ऊर्ध्वपातित नव्हते, नळाचे होते. ऊर्ध्वपातित म्हणजे आपण बॅटरीत घालतो ते. तशा शुद्ध पाण्यात मीठ घातले तर हृदय थोड्याच वेळात थांबे. पुढे हेन्री डेल यांनी एक आठवण सांगितली आहे, की प्रयोगशाळेतल्या पोऱ्याला पाणी ऊर्ध्वपातित करत बसण्याचा कंटाळा आला आणि डॉक्टरसाहेबांना काय कळणार म्हणून त्याने नळाचे पाणी भरले. ते पाणी न्यू रिव्हर नावाच्या पाटाचे. हा पाट हार्वेच्या हयातीत, १६१३ साली, हर्टफर्डशरच्या झऱ्यांपासून लंडनपर्यंत खणून आणला होता, आणि तो प्रदेश चुनखडीचा. पाण्यातला तो चुना, म्हणजे कॅल्शियम, हृदयाला आवळायला लावत होता. पोटॅशियमही लागते, पण मोजून. जास्त झाले तर हृदय सैल पडून थांबते. आजचे शल्यविशारद उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया करताना ते थांबवतात, ते पोटॅशियमच्याच द्रावणाने. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने रिंगरच्या पाण्यात लॅक्टेट घातले आणि आमच्या मोल्डरच्या उशाशी टांगलेली बाटली तयार झाली. मोल्डर वाचला. पुढच्या करारात भट्टीजवळ लिंबू-मीठ-पाण्याचे पिंप ठेवण्याचे आणि पाण्याच्या सुट्टीचे पैसे न कापण्याचे कलम आले. व्यवस्थापनाच्या बाजूने डॉक्टर होते. आमच्या बाजूने रिंगर आणि तो पोऱ्या होता.

आणखी एक बेडूक सांगायचा राहिला. मेंदूपासून हृदयाकडे एक मज्जा जाते, ती विजेने चेतवली की हृदय मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ साली दाखवले होते. पण निरोप पोहोचतो कसा? ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो ल्योवी यांना रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. त्यांनी तो कागदावर लिहिला, आणि सकाळी अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकाची दोन हृदये रिंगरच्या पाण्यात ठेवली. पहिल्याची मज्जा चेतवून ते मंद केले आणि त्याच्याभोवतीचे पाणी काढून दुसऱ्यावर घातले. दुसऱ्याला मज्जा जोडलेलीच नव्हती. तेही मंदावले. निरोप एका रसायनातून जातो, हे १९२१ साली असे सिद्ध झाले. १९३६ साली ल्योवींना डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ साली जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले, ज्यू म्हणून त्यांना तुरुंगात टाकले, आणि पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत भरण्यास भाग पाडून मगच देशाबाहेर जाऊ दिले.

बेडकांच्या वाट्याला काय आले, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडून त्यांच्या तंगड्या परदेशी जात; शेतातली कीड वाढू लागल्याच्या तक्रारींनंतर १९८७ साली ती निर्यात बंद झाली. महाविद्यालयांतून बेडूक फाडणे पूर्वी नित्याचे होते. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गांतले विच्छेदन बंद करण्याचा आदेश काढला. आम्हाला हे दोन्ही निर्णय योग्य वाटतात.

उत्तर अमेरिकेच्या रानांत एक बेडूक असतो. हिवाळ्यात तो पानांखाली गोठतो. अंगातल्या पाण्याचा अर्ध्याहून अधिक भाग बर्फ होतो, श्वास थांबतो, हृदयही थांबते. तो मरत नाही, कारण यकृत साखर सोडते आणि तिच्यामुळे पेशी आतून गोठत नाहीत. वसंतात बर्फ वितळू लागले की आधी हृदयाचा ठोका परत येतो, मग श्वास, आणि पाय सर्वांत शेवटी हलतात.